ऑस्टिनचं पत्र आणि आमचा पट

मी टेक्सासात, डॅलसच्या उत्तरेला एका स्कूल डिस्ट्रिक्टच्या कचेरीत हजेरी आणि आकडेवारीचं काम बघते. घरी कुणाला हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे शिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसात का गं?" हो म्हणावं तर ते खरं नाही आणि नाही म्हणावं तर समजावत बसावं लागतं. आज बसतेच.

पहिली गोष्ट, स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे ठरलेल्या हद्दीतल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था, तिचा आपल्या जिल्ह्याशी काही संबंध नाही. टेक्सासात काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे भाग, 254 आणि स्कूल डिस्ट्रिक्ट हजाराच्या वर. एकाच शहरात रस्त्याच्या या बाजूला एक डिस्ट्रिक्ट आणि त्या बाजूला दुसरं, असं सर्रास असतं. घर घेताना लोक स्वयंपाकघर नंतर बघतात, हद्द आधी. प्रत्येक डिस्ट्रिक्टला लोकांनी निवडून दिलेलं मंडळ असतं, बहुतेक ठिकाणी सात जणांचं आणि बिनपगारी. घरपट्टीत डिस्ट्रिक्टचा स्वतःचा दर असतो. डिस्ट्रिक्टच्या प्रमुखाला, म्हणजे सुपरिंटेंडेंटला, हे मंडळ करारावर नेमतं, त्यामुळे बदली हा प्रकारच नाही. साहेब आवडत नाहीत म्हणून त्यांना गडचिरोलीला धाडायची सोय कुणाकडे नाही. फार तर करार मोडा आणि उरलेले पैसे मोजा.

या सगळ्यांच्या वर राज्याच्या राजधानीत, ऑस्टिनला, टेक्सास एज्युकेशन एजन्सी, म्हणजे टीईए. तिच्या कमिशनरला गव्हर्नर नेमतो. 2016 पासून माइक मोरॅथ आहेत. मूळचे सॉफ्टवेअरवाले, मग डॅलसच्या शालेय मंडळावर, मग थेट इथे. टीईएकडून डिस्ट्रिक्टच्या प्रमुखांना पत्रं येतात. वर 'टू द ॲडमिनिस्ट्रेटर अ‍ॅड्रेस्ड' असा मायना, खाली तारीख, विषय, आणि 'पुढे काय करायचं' अशी एक ओळ. त्या ओळीत बऱ्याचदा एवढंच असतं की संबंधित कर्मचाऱ्यांपर्यंत पोचवावे. सुपरिंटेंडेंट ते उपप्रमुखांना पाठवतात, उपप्रमुख विभागाला, आणि मग संध्याकाळी साडेचारला ते संबंधित कर्मचारी म्हणून माझ्याकडे येतं.

बाबा सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक होते. जीआर आणि परिपत्रकांवर त्यांची हयात गेली. "माहिती आजच दुपारी दोनपर्यंत सादर करावी" असं लिहिलेलं परिपत्रक दुपारी तीनला हातात पडायचं, हा त्यांचा आवडता किस्सा. इथे तसं होत नाही. मुदत बऱ्यापैकी दिलेली असते. घोळ वेगळाच: पत्रातला कुठला भाग कायदा आणि कुठला नुसता सल्ला, हे आपलं आपण ओळखायचं. रिचर्डसनला आमचं 'रीजन 10' केंद्र आहे. राज्यात अशी 20 सेवा केंद्रं आहेत. तिथली माणसं फोनवर शांतपणे अर्थ सांगतात. केंद्रप्रमुखच म्हणा, फक्त तपासणीला न येणारे.

2025 चा उन्हाळा आमच्यासाठी पत्रांचा पावसाळा होता. टेक्सासचं विधिमंडळ विषम वर्षीच नियमित भरतं, तेही 140 दिवसांसाठी, म्हणून दोन वर्षांचे कायदे एकदम अंगावर येतात. त्या वर्षी शाळांना सुमारे साडेआठ अब्ज डॉलर देणारा 'हाऊस बिल 2' झाला. पेपरांत मोठे मथळे आले. प्रत्यक्षात प्रत्येक विद्यार्थ्यामागे मिळणारी मूळ रक्कम 2019 पासून 6,160 डॉलरवर अडकली होती, ती 55 डॉलरने वाढली. बाकीचा पैसा ठरावीक कामांच्या नावाने बांधून दिलेला, त्यात मोठा वाटा शिक्षकांच्या पगाराचा. पाच किंवा त्याहून अधिक वर्षं अनुभव असलेल्या शिक्षकाला मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये 5,000 डॉलर वाढ आणि 5,000 किंवा त्याहून कमी विद्यार्थ्यांच्या लहान डिस्ट्रिक्टमध्ये 8,000. उद्देश चांगलाच आहे, खेड्यातला शिक्षक शहराकडे पळू नये. पण पाच हजारांच्या रेषेवरच्या डिस्ट्रिक्टचे काय हाल झाले असतील, याची कल्पना करा. शिवाय 'शिक्षक' कोण? वर्गावर शिकवणारा तो शिक्षक. ग्रंथपाल नाही, समुपदेशक नाही, नर्स नाही. हे स्पष्ट करणारा मजकूर आला त्या दिवशी आमच्या एका ग्रंथपाल बाईंनी माझ्या टेबलाशी उभं राहून तो दोनदा वाचला, कागद परत दिला आणि काही न बोलता गेल्या. बावीस वर्षं त्या मुलांना वाचायला शिकवतायत.

त्याच उन्हाळ्यात मोबाइलबंदी आली. 20 जूनला गव्हर्नरांची सही झाली आणि कायदा तिथल्या तिथे लागू. शाळेच्या वेळेत मोबाइल, टॅबलेट, स्मार्टवॉच, सगळं बंद. वैद्यकीय गरज, विशेष शिक्षणाच्या आराखड्यातली नोंद किंवा सुरक्षेचा नियम असेल तरच सूट. राज्याने बंदी सांगितली, पण कशी करायची ते सांगितलं नाही. 90 दिवसांत प्रत्येक मंडळाने आपलं धोरण ठरवायचं. मग कुणी कुलूपबंद पिशव्या घेतल्या, कुणी दप्तरात बंद करून ठेवा म्हटलं, कुणी लॉकरात. आमच्या मंडळाच्या बैठकीत एक आई माइकपुढे उभी राहिली. प्रत्येकाला तीन मिनिटं, समोर घड्याळ उलटं मोजतं. तिने एकच विचारलं, "शाळेत गोळीबार झाला तर माझ्या मुलाने मला कसं कळवायचं?" मंडळाने उत्तर दिलं नाही, कारण या वेळेत उत्तर द्यायचंच नसतं, फक्त ऐकायचं. मला ही पद्धत आधी उद्धट वाटायची. आता वाटत नाही. आपल्याकडे जीआर निघतो तेव्हा गावातल्या आईला माइक तरी कुठे मिळतो?

आता माझ्या खात्याकडे येते. टेक्सासात पैसा पटावर मिळत नाही, हजेरीवर मिळतो. पटावर शंभर मुलं आणि रोज सरासरी 93 येत असतील तर मूळ रक्कम 93 जणांची. शिक्षक, बस, वीज, खर्च मात्र शंभरांचाच. हजेरीची अधिकृत वेळ डिस्ट्रिक्ट ठरवतं. आमची सकाळी दहाची. दहाला वर्गात असलेलं मूल दिवसभर हजर, मग दहा वाजून एक मिनिटाला घरी गेलं तरी. सव्वादहाला धापा टाकत आलेलं मूल शेवटपर्यंत बसलं तरी पैशाच्या हिशेबात गैरहजर. ढोबळमानाने एका दिवसाचे 35 डॉलर गेले. मूल डॉक्टरकडे जाऊन त्याच दिवशी परत आलं आणि चिठ्ठी आणली तर मात्र हजर धरता येतं. म्हणून ऑफिसातली बाई दाताच्या डॉक्टरची चिठ्ठी इतकी गोड बोलून मागते.

पटाची मोजणी वेगळी. ऑक्टोबरचा शेवटचा शुक्रवार हा 'स्नॅपशॉट'चा दिवस. त्या दिवशी कोण कुठल्या शाळेत दाखल आहे, ते आम्ही 'पीम्स' नावाच्या यंत्रणेतून राज्याला कळवतो. वर्षअखेरच्या परीक्षेचे गुण कुठल्या शाळेच्या खात्यात पडायचे, हे यावरून ठरतं. 2025 मध्ये हा शुक्रवार नेमका 31 तारखेला, हॅलोविनला आला. तीन स्पायडरमॅन आणि एक डायनोसॉर ऑफिसात उशिराची नोंद करत उभे, आणि मी यादीत दोनदा आलेली नावं शोधतेय.

बाबांना हे सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "आमची 30 सप्टेंबर." त्या दिवसाच्या पटावर संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरणार, आणि दोन मुलं कमी पडली तर एक शिक्षक अतिरिक्त. मग 2011 च्या ऑक्टोबरमधल्या पटपडताळणीची आठवण निघाली. तीन दिवस राज्यभर एकाच वेळी शाळा तपासल्या आणि मुलांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावली. "तुमच्याकडे शाई नाही?" बाबांनी विचारलं. शाई नाही. हजेरीचे हिशेब तपासणारे लेखापरीक्षक आहेत. जास्त दाखवलेली हजेरी सापडली तर पैसे परत घेतात.

मोजण्याचा एवढा आटापिटा का, तर शेवटी शाळेवर 'ए' (उत्तम) ते 'एफ' (नापास) अशी अक्षरं चढतात. यावरून काही डिस्ट्रिक्टांनी राज्याला कोर्टात खेचलं, निकाल अडकले, 2023 ची श्रेणी थेट एप्रिल 2025 मध्ये जाहीर झाली. 2015 च्या कायद्याप्रमाणे एकच शाळा सलग पाच वर्षं नापास झाली तरी राज्याला ती शाळा बंद तरी करावी लागते किंवा अख्खं मंडळ बाजूला सारावं लागतं. 2023 मध्ये ह्यूस्टनमध्ये, टेक्सासच्या सर्वात मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये, हेच झालं. निवडून आलेले सदस्य नावापुरते राहिले आणि कारभार कमिशनरने नेमलेल्या मंडळाकडे गेला. ऑक्टोबर 2025 मध्ये फोर्ट वर्थचा नंबर लागला. तिथे माझी एक मैत्रीण शिकवते. त्या संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा ती मुलांच्या वह्या तपासत होती. "सोमवारी साहेब कोण असतील माहीत नाही," म्हणाली, "पण वह्या द्यायच्यात." मला हा कायदा पटत नाही. एका शाळेसाठी लाखो लोकांचं मत गुंडाळून ठेवणं म्हणजे फारच झालं. पण त्या शाळेत शिकणाऱ्या मुलाच्या आईला पाच वर्षं थांब म्हणणंही सोपं नाही, हेही खरं.

इथल्या मराठी मंडळींसाठी एक कामाची गोष्ट. दिवाळीला मुलाला घरी ठेवलंत की पोर्टलवर 'आजारी' लिहू नका. धार्मिक सणासाठीची गैरहजेरी कायद्याने माफ असते आणि पालकांची लेखी चिठ्ठी दिली तर मूल हजर धरलं जातं, त्याचे पैसेही शाळेला मिळतात. दोन ओळी पुरतात: मुलाचं नाव, तारीख, सण. आमच्याकडे दरवर्षी दिवाळीच्या आठवड्यात पाटील, कुलकर्णी आणि रेड्डी या आडनावांना एकदम ताप येतो.