तळवे कोण बघणार?

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यातला गुरुवार होता. आमच्या मिशन हॉस्पिटलात गुरुवार हा पायांचा वार. सकाळी आठपासून व्हरांड्यात प्लॅस्टिकच्या टबांची ओळ लागते. प्रत्येक टबात घोटा बुडेल इतकं साधं पाणी असतं आणि कुष्ठरोगातून बरी झालेली माणसं बाकावर बसून वीस मिनिटं पाय भिजवतात. 'बरी झालेली' हे मुद्दाम लिहिते आहे. औषधांनी जंतू मरतो. जंतू जास्त असतील तर बारा महिने, कमी असतील तर सहा महिने गोळ्या घ्याव्या लागतात. पण पायाची संवेदना नेणारी नस एकदा पुरती गेली की गोळी ती परत आणत नाही. जंतू गेल्यावरही तळवा उरलेलं आयुष्य बधिर राहतो.

साठीकडे झुकलेले एक बाबा त्या दिवशी फाटकातून आत आले. संत्र्याच्या बागेत रखवालीला आणि पाणी सोडायला असतात. ताठ, न लंगडता, भराभर चालत आले. नवख्या माणसाला वाटलं असतं, पाय ठणठणीत आहे. आम्हाला उलट धडकी भरते. उजव्या पायाच्या पट्टीतून पिवळं पाणी झिरपत होतं आणि बाकावर बसण्याआधीच वास आला होता. एवढी जखम असलेल्या माणसानं लंगडायला हवं. लंगडणं म्हणजे शरीर त्या पायावरचा भार स्वतःहून कमी करतं. ज्याला दुखत नाही तो लंगडत नाही, आणि जखमेवर पावलामागून पाऊल पूर्ण वजनानं आपटत राहतो.

पट्टी सोडली. अंगठ्याच्या मुळाशी, तळव्यावर जिथे चालताना सगळ्यात जास्त दाब येतो तिथेच, रुपयाएवढी जखम होती. कडेला कातडीचा पांढरा, जाड घट्टा. मिठाच्या पाण्यानं धुऊन कडा खरवडल्या आणि बोथट सळई हलक्या हातानं आत सरकवली. ही सळई हाडाला टेकली की दगडावर घासल्यासारखी खरखर हाताला कळते. तसं झालं तर हाडात पू गेल्याची शंका घ्यायची. इथे सळई हाडापर्यंत गेली नाही, मधेच टणक काहीतरी अडलं. चिमट्यानं धरून ओढलं तर बाभळीचा काटा, जवळजवळ बोटाच्या दोन पेरांएवढा. कुंपणाच्या काटेरी फांदीचा असणार. काटा निघत असताना बाबा शेजारच्या माणसाशी पाण्याच्या पाळीबद्दल बोलत होते.

"कधी रुतला, बाबा?"

"मले काय मालूम, सिस्टर. दुखलंच नाही तं."

काटा आत शिरला कसा, हे शोधणं जखम बांधण्याइतकंच महत्त्वाचं असतं, नाहीतर तीच जखम महिन्याभरात परत येते. बाबांना इथूनच एमसीआरची, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराची, चप्पल दिली होती. तिच्यात आत मऊ स्पंजासारखं रबर असतं, ते दाब पसरवतं. बाहेरचा तळ कडक असतो, तो काटा अडवतो. कुठेही खिळा नसतो, पट्टे शिवलेले किंवा चिकटवलेले. जानेवारीत तिचा मागचा पट्टा तुटला, तेव्हापासून बाबा बाजारातली पातळ स्लिपर घालत होते. पट्टा लावून घ्यायला का आले नाहीत? कारण घरात चप्पल बघणारं माणूस उरलं नव्हतं.

बाबांची पत्नी डिसेंबरात वारली. चार वर्षं त्यांच्या पायाला एकही जखम नव्हती, आणि त्यामागे या बाईचा रोजचा नेम होता. तो इथे सविस्तर लिहिते, कारण कुणाच्याही घरात तो चालू करता येतो. संध्याकाळी साध्या पाण्यात वीस मिनिटं पाय भिजवायचे. गरम पाणी अजिबात नाही. मऊ झालेला घट्टा खरबरीत दगडानं हळूहळू घासायचा, ब्लेडनं कापायचा नाही. पाय पुसून कोरडा करण्याआधीच तेल लावायचं. नस गेलेल्या पायाला घाम येत नाही, कातडी सुकून भेगा पडतात, आणि तेलामुळे आत मुरलेलं पाणी आतच राहतं. उघडी जखम असेल तर तो पाय भिजवायचा नाही. मग उजेडात दोन्ही तळवे बघायचे आणि हाताची मागची बाजू फिरवायची. थोडा वेळ बसल्यावरही एखादी जागा आजूबाजूपेक्षा गरम लागली, तर आतलं मांस चेंगरलं आहे असं समजायचं. ही पहिली खूण. तेव्हा चार-सहा दिवस पाय टेकला नाही तर जखम होतच नाही. शेवटी चपलेत हात घालून खडा, काटा चाचपायचा.

यातलं काहीच अवघड नाही. अवघड आहे ते रोज करणं, आणि तेही काही दुखत नसताना.

"बुढी होती तं ते पाह्ये माहे पाय," बाबा म्हणाले. "ते गेली, मंग बकेट कोनासाठी भरू?" आणि जरा थांबून, "सारे प्रार्थना करतात, प्रभू, दुखणं ने. माह्या पायाले दुखू दे म्हणून कोनी मांगत नाही."

तमिळनाडूतल्या वेल्लोरला शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी 1940च्या दशकाच्या अखेरीपासून कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर काम केलं आणि जगाला दाखवून दिलं की बोटं झडतात ती रोगानं आपोआप कुजून नव्हे. वेदना नसल्यामुळे रोजच्या रोज होणाऱ्या भाजण्या-कापण्याकडे, दाबाकडे लक्ष जात नाही म्हणून. वेदना ही देणगी आहे असं ते मनापासून मानत, आणि ते ख्रिस्ती विश्वासानं मानत. बाबांना ब्रँड ठाऊक नाहीत. तेच सत्य ते व्हरांड्यात बसून माझ्याकडे मागत होते. मी त्यांना प्रवचन दिलं नाही. दुःखी माणसाला वचन सांगण्याची आपल्याला फार घाई असते, आणि पुष्कळदा ती आपल्याच सुटकेसाठी असते. मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात कुष्ठरोगी येशूपुढे गुडघे टेकतो, तेव्हा येशू आधी हात लांब करून त्याला स्पर्श करतो, मग 'शुद्ध हो' म्हणतो. मी तो क्रम धरून चालते.

एक्स-रेत हाड स्वच्छ निघालं. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, ड्रेसिंग केलं आणि डॉक्टरांनी भरती करून घेतलं. अशी साधी जखम पाय न टेकता ठेवला तर बहुधा सहा आठवड्यांत भरते. मलमानं नाही, विश्रांतीनं भरते. आंबिया बहाराची फळं धरली आहेत, बाग सोडता येत नाही, असं बाबांनी दोनदा सांगितलं. मालकाला फोन लावून दिला. तो म्हणाला, पाण्याचं बघतो.

संध्याकाळी आवारातल्या चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी असतो. योहानाच्या तेराव्या अध्यायात येशू भोजनावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुतो, त्याची आठवण. पाद्रीसाहेब बारा जणांचे पाय धुतात. बाबांचं नाव यादीत होतं, पण ते यायला तयार नव्हते. वास येतो म्हणाले. मी म्हटलं, उजवा पाय प्लॅस्टिकमध्ये बांधून स्टुलावर ठेवू, डावा धुतील. व्हीलचेअरवरून नेलं.

विधीच्या आधी मी पाण्याचा जग तपासायला गेले. विदर्भातला एप्रिल, गच्चीवरची काळी टाकी दिवसभर उन्हात, आणि सेवकानं पाणी तिच्याच नळाचं भरलेलं. हात घातला तर चटका बसला. बारांपैकी सात जणांचे पाय बधिर. त्यांच्यातलं कुणी 'हां हां' म्हणालं नसतं, आणि शुक्रवारी सकाळी सात पायांवर फोड आले असते. ते पाणी ओतून दिलं, रांजणातलं भरलं, आणि कोपर बुडवून बघितलं.

पाद्रीसाहेब बाबांसमोर गुडघ्यावर बसले. तळव्यावरून पाणी सोडलं, रुमालानं टिपलं, आणि त्यांचा हात टाचेच्या बाहेरच्या कडेवर थांबला. त्यांनी मान वर करून मला शोधलं. ओठ हलवून म्हणाले, "इथं गरम आहे."

मी पुढे जाऊन हाताची मागची बाजू लावली. रांजणाच्या पाण्यानं सगळा पाय गार पडला होता, ती दोन बोटांची जागा मात्र तापलेली. कातडी अखंड होती, लालीसुद्धा धड नव्हती. त्या पायावर अजून जखम व्हायची होती. उजवा पाय बांधल्यावर सगळा भार डाव्यावर येणार होता, आणि ही जागा कुणाच्याच लक्षात आली नसती. माझ्याही नाही. सकाळी मी काट्याच्या नादात डावा तळवा नीट पाहिलाच नव्हता.

"काय आहे?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. अजून काही झालेलं नाही," पाद्रीसाहेब म्हणाले, आणि त्यांनी तो पाय परत एकदा, अगदी सावकाश पुसला. बाबा त्यांच्या हाताकडे बघत राहिले. मग डोळ्याला सदऱ्याची बाही लावली.

रात्री मी बाबांच्या खाटेशी हातातला आरसा ठेवला, तळवा बघण्यासाठी. पण त्यांची नजर अधू, कंदिलाएवढ्या उजेडात आरशातलं त्यांना दिसेना. शेजारच्या खाटेवर पुण्याकडचे एक गृहस्थ होते. बोटं आखडलेली, पण डोळे शाबूत. त्यांना म्हटलं, बाबांचा डावा पाय रोज सकाळ-संध्याकाळ तुम्ही बघायचा, आणि हात तुमचे बधिर म्हणून गरम जागा चाचपायला गालाची बाजू लावायची. त्यांनी लगेच वाकून टाचेला गाल टेकवला. "अजून आहे हो गरम," म्हणाले.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, सकाळी मी राउंडला गेले तेव्हा बाबा उठून बसले होते आणि त्या गृहस्थांचे तळवे दिव्याखाली धरून बघत होते. डोळ्यांजवळ नेऊन, एकेक बोट बाजूला करत.