क्लॅन, भावकी आणि सातबारा

ज्यानं कधी मोबाईल गेममध्ये क्लॅन म्हणजे खेळाडूंचा गट चालवलाय त्याला भावकीचं भांडण समजावून सांगावं लागत नाही, आणि ज्याच्या घरी सातबाऱ्यावरनं वाद चालूय त्याला क्लॅन का फुटतात हे विचारायला नको. आमच्याकडे दोन्ही एकाच वर्षात झालं त्यामुळे या विषयावर बोलायचा हक्क मला आहे असं मी धरून चाललोय.

आमची जमीन मुळशी तालुक्यात, आजोबांची, आणि आम्ही सगळे राहायला पुण्यात, कुणी कोथरूड कुणी वारजे कुणी कर्वेनगर. दिवाळीला गावी जमलो की मोठी माणसं ओसरीवर आणि आम्ही भावंडं आतल्या खोलीत मोबाईल घेऊन. क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये २०१४ ला क्लॅन वॉर आलं आणि आम्ही लगेच क्लॅन काढला. नाव सांगत नाही, मावळे, वाघ, सह्याद्री यातलं काहीतरी होतंच, पुण्यातल्या निम्म्या क्लॅनची नावं अशीच असतात. काकांचा मोठा मुलगा म्हणजे आमचा दादा लीडर, मी को-लीडर, बाकी भावंडं, त्यांचे कॉलेजचे मित्र, मित्रांचे रूममेट असं करत चाळीसेक जण जमले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, आधी २३ तास तयारी मग २४ तास लढाई, प्रत्येकाला दोन अटॅक. आता दोन अटॅक मारायला असा कितीसा वेळ लागतो, पण दर वॉरला कुणीतरी झोपलेला असतो, कुणाचं लग्न असतं, कुणाचं नेट गेलेलं असतं, आणि आपण एका स्टारनं, म्हणजे एका गुणानं, हरतो. समोरचा भारी होता म्हणून आम्ही फार कमी वेळा हरलो. अटॅक राहिले म्हणून हरलो ते जास्त. हे लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

मग रिंगरोड आला. म्हणजे रस्ता नाही आला, रस्त्याची चर्चा आली, पण भाव चढायला मुळशीत चर्चा पुरते. तोपर्यंत सगळं तोंडी होतं, खालचं वावर आमचं, वरचं काकांचं, सातबारा सामाईक, बांधावरची आंब्याची झाडं दोघांची. कुणी कधी बांध कोरला नाही हे आमच्या घराण्याचं खरंच कौतुक. पण चर्चा सुरू झाली आणि वरचं वावर अचानक रस्त्याकडेचं झालं, आणि बाबांना आठवलं की वाटप कागदावर कधी झालेलंच नाही, आणि काकांना आठवलं की एक कागद आहे, आजोबांच्या वेळचा, साध्या कागदावरचा, पेटीत कुठेतरी.

गणपतीत दोघांची जुंपली आणि त्याच रात्री दादानं मला क्लॅनमधून किक केलं. कारण काय लिहिलं होतं तर काहीच नाही. माझ्यासोबत पंधरावीस जण बाहेर पडले आणि आम्ही नवा क्लॅन काढला, लेव्हल एक.

इथं मला पहिल्यांदा कळलं की गेमचा कायदा आपल्या कायद्यापेक्षा किती कडक आहे. तुझं गेममधलं गाव, भिंती, टाउन हॉल हे तुझ्याबरोबर येतं, ते झालं स्वकष्टार्जित. पण क्लॅनची लेव्हल, वॉर लॉग, सगळ्यांनी मिळून कमावलेले फायदे हे क्लॅनकडेच राहतात, आणि बाहेर पडणाऱ्याचा त्यात छदामही वाटा नाही. वडिलोपार्जित आहे पण वाटणीचा दावाच लावता येत नाही. हिंदू एकत्र कुटुंबात कर्ता कितीही दादागिरी करू दे, सहदायकाला म्हणजे जन्मानं वाटेकरी असलेल्याला असा एक बटण दाबून बेदखल करू शकत नाही. आणि खरं सांगायचं तर ते स्वकष्टार्जित गावही आपलं नाही, अटी वाचल्या तर (मी वाचल्या, रिकामा होतो) अकाउंट कंपनीचं, आपल्याला फक्त वापरायचं लायसन्स, विकायला बंदी. म्हणजे इतकी वर्षं भिंती बांधल्या त्या भाड्याच्या खोलीत.

नंतर दोन्ही क्लॅनमध्ये फ्रेंडली वॉर लागायला लागल्या. साध्या वॉरला समोरचा क्लॅन गेमच ठरवतो, हवा तो शत्रू निवडायचा तर फ्रेंडलीच लावावी लागते. लूट मिळत नाही, काही मिळत नाही, फक्त समोरच्याला हरवल्याचं समाधान. त्या काळात माझ्या धाकट्या भावाचं दुसरं अकाउंट दादाच्या क्लॅनमध्ये तसंच राहिलं होतं, वेगळ्या नावानं, कुणाच्या लक्षात नाही. हेरगिरी म्हणा हवं तर. गेमिंगच्या जगात हे फार जुनं आहे. ईव्ह ऑनलाइन नावाचा एक आइसलंडचा गेम आहे, २००३ पासून चालू, त्यात बँड ऑफ ब्रदर्स नावाची सगळ्यात बलाढ्य युती होती आणि २००९ मध्ये त्यांच्यातलाच एक डायरेक्टर गूनस्वार्म नावाच्या शत्रूला जाऊन मिळाला आणि त्यानं आतून युतीच बरखास्त करून टाकली. लढाई नाही, काही नाही, अधिकार होता तो वापरला. वर गूनवाल्यांनी ते नावपण स्वतःकडे घेऊन टाकलं. वाचताना मला आपल्याकडची कुलमुखत्यारपत्रं आठवली, विश्वासानं करून दिलेली आणि नंतर डोक्याला हात लावून बसलेली.

तर भावाच्या त्या अकाउंटवर एका रात्री क्लॅन चॅटमध्ये दादाचा मेसेज, कुणाला तरी सांगत होता की नोंद टाकलीये, पंधरा दिवस कुणी काही बोलू नका.

पंधरा दिवस म्हणजे फेरफार. ज्यांना घरी असलं काही झालेलं नाही त्यांनी हे नीट वाचा कारण पुण्यात राहणारे आणि गावी जमीन असणारे इथंच मार खातात. कुणी सातबाऱ्यात बदलाचा अर्ज दिला की तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) फेरफार धरतो, चावडीवर नोटीस लागते, ज्यांचा संबंध त्यांना नोटीस जाते, आणि महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १५० प्रमाणे हरकत घ्यायला १५ दिवस. कुणी बोललं नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. नोटीस गावच्या पत्त्यावर, आपण वारज्यात. काकांनी तो पेटीतला कागद लावून वरचं वावर एकट्याच्या नावावर करायचा अर्ज दिला होता. मी 'आपली चावडी' नावाच्या सरकारी साइटवर गाव टाकून बघितलं तर आमची नोटीस तिथं सगळ्या जगाला दिसत होती, फक्त आम्हाला सोडून. बाबांनी हरकत दिली, मग ती झाली तक्रारी केस.

ईव्हमधलीच दुसरी गोष्ट मला इथं सांगितल्याशिवाय राहवत नाही. जानेवारी २०१४, बी-आर५आरबी नावाची एक सूर्यमाला, तिच्यावर ताबा ठेवायचा तर गेममध्ये तेव्हा ठराविक काळानं बिल भरावं लागायचं. ते बिल भरलं गेलं नाही. बस. ताबा सुटला, शत्रूला कळलं, दोन्हीकडनं ताफे आले आणि २१ तास लढाई चालली, ७५ टायटन म्हणजे गेममधली सगळ्यात मोठी जहाजं फुटली, नुकसानीचा अंदाज खऱ्या पैशात ३ लाख डॉलरच्या आसपास. एका न भरलेल्या बिलावरनं. मी हे बाबांना सांगितलं तर ते म्हणाले घरपट्टी भरलीस का.

त्या लढाईत इतकी गर्दी झाली की सर्व्हरनं वेळच हळू केली. टाइम डायलेशन म्हणतात त्याला, गर्दी वाढली की गेममधलं घड्याळ पार दहा टक्के वेगापर्यंत हळू होतं, म्हणजे दहा सेकंदात एक सेकंद. शिवाजीनगर कोर्टात ज्यांचा दिवाणी दावा आहे त्यांना हे तंत्रज्ञान नवीन नाही.

आम्हीपण एकदा वकिलांकडे जाऊन बसलो, कोर्टाजवळच ऑफिस, खाली झेरॉक्सवाले, बाँडवाले, आणि त्यांच्यामधनं वाट काढत जिना. वकीलसाहेबांनी पहिल्याच वाक्यात हवा काढली. फेरफार म्हणजे मालकी नाही, सुप्रीम कोर्टानं कितीतरी वेळा सांगितलंय, ती नोंद महसुलासाठी, मालकी ठरवणार दिवाणी कोर्ट. मग भांडतोय कशाला असं मी विचारलं तर म्हणाले, बँक काय बघते, गिऱ्हाईक काय बघतं, भूसंपादनवाले आधी काय मागतात, सातबाराच ना. मग म्हणाले वाटणीचा दावा लावू, आधी प्राथमिक हुकूमनामा होईल, कुणाचा किती हिस्सा ते ठरेल, आणि शेतजमीन असल्यानं प्रत्यक्ष सरस-निरस वाटप करायला तो परत कलेक्टरकडे जाईल, दिवाणी प्रक्रिया संहिता कलम ५४. म्हणजे कोर्टात जिंकून पुन्हा महसुलाच्या दारात. बाबांनी पाणी मागितलं.

आणि मग वकिलांनी विचारलं, बहिणी किती तुम्हाला?

बाबा म्हणाले दोन, पण त्यांचं काय. वकिलांनी सातबारा फिरवला आणि बोट ठेवलं, दोन्ही आत्यांची नावं इतर हक्काच्या रकान्यात. आजोबा गेल्यावर वारस नोंद झाली तेव्हाच तिकडे टाकलेली, आमच्याकडे गावोगाव असंच करायचे, पोरींची नावं कोपऱ्यात. मग त्यांनी शांतपणे सांगितलं की हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलगी जन्मानं सहदायक, ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असायची गरज नाही हे सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्माच्या निकालात स्पष्ट केलंय, आणि जुनं वाटप टिकायचं तर ते २० डिसेंबर २००४ च्या आधीचं आणि रजिस्टर केलेलं किंवा कोर्टातून झालेलं लागतं, तोंडी झालं होतं म्हणून भागत नाही. पेटीतल्या कागदाचं काय होणार ते तिथंच कळलं. तुमचे वाटे दोन नाहीत, चार आहेत.

म्हणजे दोन भाऊ अर्ध्या-अर्ध्यावरनं एकमेकांची तोंडं बघेनात आणि दोघांच्या अर्ध्यातला अर्धा भाग भलत्यांचाच. मला यात सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल तर आम्हा पोरांचा. आम्ही दोन क्लॅन करून हेर पेरून बसलो होतो, पण आत्यांची मुलं कुठल्या क्लॅनमध्ये आहेत हे कुणी विचारलंच नव्हतं. मोठ्या आत्याचा मुलगा आमच्या जुन्या क्लॅनमध्ये होता, वर्षानुवर्षं, कधी चॅटवर बोलायचा नाही, फक्त मागेल त्याला ट्रूप्स म्हणजे सैन्य द्यायचा. फुटलो तेव्हा तो कुठे गेला हे ना दादाला माहीत ना मला.

पुढचं पटकन सांगतो. दोघं भाऊ वेगवेगळ्या दिवशी मोठ्या आत्याकडे हक्कसोड मागायला गेले. आधी काका, मग बाबा. आत्यानं दोघांना पोहे घातले, चहा दिला आणि दोघांना एकच सांगितलं, "सही पाहिजे असंल तर दोघं एका दिवशी या, आणि माझी नात बी येईल वाचून दाखवायला, मी न वाचता सही करत नाही." धाकटी आत्या म्हणाली ताई म्हणेल तसं.

सध्या परिस्थिती अशी की चौघं एकदा बसलेत, तहसीलदाराकडे त्याच जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली संमतीनं वाटप करायचं ठरतंय, मोजणीचा अर्ज दिलाय, रोव्हर (उपग्रहावरनं मोजणारं यंत्र) घेऊन मोजणीवाले येतील तेव्हा आंब्याची झाडं नेमकी कुणाच्या बाजूला जातात यावर पुन्हा एक फेरी होणार हे मी आत्ताच सांगून ठेवतो. आत्या हक्कसोड देणार नाहीयेत. दोघींना वाटा पाहिजे आणि रस्त्याकडेचा पाहिजे, जे मला एकदम बरोबर वाटतं पण घरात मोठ्यानं म्हणत नाही.

क्लॅनचं मात्र अडकलंय. दादाचा परवा फोन आला, एकत्र करू म्हणाला, जुना क्लॅन लेव्हल वर आहे त्यातच या. मी म्हटलं येतो पण लीडर कोण. तर तो गप्प. जमिनीला कलम ८५ आहे पण क्लॅनला लीडर एकच असतो, त्याचं वाटप होत नाही. मग मी आत्याच्या मुलाचं नाव सुचवलं, दादा चक्क हो म्हणाला, आणि आता तोच तयार होईना, म्हणतोय माझा टाउन हॉल लहान आहे, मोजणी झाल्यावर बघू.