चिकटलं नाही म्हणजे चांगलं

भुलेश्वरला भांडी घ्यायला जाताना आई पर्समध्ये चुंबक ठेवायची. दुकानदार तोंडभर कौतुक करत असायचा आणि ही मुकाट्याने पातेल्याच्या बुडाला चुंबक लावून बघायची. चिकटलं की पातेलं परत. नाही चिकटलं तर स्टील चांगलं, मग भावाची घासाघीस.

परीक्षा तशी खरी आहे, निदान अर्धी तरी. भांड्यांच्या चांगल्या स्टीलमध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं, बाकी बहुतेक लोखंडच. लोखंडाला चुंबक ओढतो, निकेललाही ओढतो आणि ही मंडळी एकत्र आली की चुंबकाला ओळखच देत नाहीत! लोखंडाचा एकेक अणू म्हणजे मुळात इवलासा चुंबक. साध्या लोखंडात शेजारशेजारचे अणू एका दिशेला तोंड करतात. निकेलमुळे त्यांची मांडणीच बदलते आणि ही एकी काही जमत नाही. पण त्याच स्टीलच्या वाटीच्या दुमडलेल्या काठाला चुंबक लावून बघा, बरेचदा किंचित ओढ लागते. पत्रा वाकवताना, दाबताना तेवढ्या जागी मांडणी पुन्हा बिघडते (की सुधारते, काय म्हणायचं ते म्हणा).

पुढे घरात इंडक्शन आलं आणि पारखून आणलेली ती सगळी पातेली नापास झाली. त्या शेगडीला चिकटणारंच बूड लागतं.

तांबं, पाणी, आपण स्वतः, सगळेच चुंबकाला थोडेफार जुमानतात; हाताला कळत नाही इतकंच. अ‍ॅल्युमिनियम किंचित ओढलं जातं, तांबं आणि पाणी किंचित दूर सरतं. 1997 साली नेदरलँड्समध्ये जबरदस्त ताकदीच्या चुंबकात जिवंत बेडूक अधांतरी तरंगवला, तो मुख्यतः त्याच्या अंगातल्या पाण्याच्या जोरावर. गॅडोलिनियम नावाचा धातू तर मुंबईत निव्वळ वाया जायचा. साधारण 20 अंशांच्या खाली तो लोखंडासारखा चिकटतो, वर गेलं की सुटतो. जानेवारीतल्या चार पहाटा सोडल्या तर त्याला इथे कामच नाही.

याच मुंबईत, कुलाब्याच्या वेधशाळेत, 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. सप्टेंबर 1859 मधलं सूर्यावरून आलेलं प्रचंड चुंबकीय वादळ तिथे नोंदलं गेलं. मग शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. त्यांच्या विजेने नोंदींचं वाटोळं होणार, म्हणून 1904 मध्ये अलिबागला नवी वेधशाळा बांधली. दगडसुद्धा चुंबकाला न जुमानणारा, पारखून पोरबंदरहून आणलेला. दोनेक वर्षं दोन्हीकडे नोंदी घेऊन आकडे जुळवले आणि कुलाब्याचं काम थांबवलं. ट्राम 1907 मध्ये धावू लागल्या, 1964 मध्ये बंदही झाल्या. वेधशाळा मात्र अलिबागेतच राहिली. परत यायचं म्हटलं तरी लोकलचं काय करणार?