लेझीम, गुलाल आणि सीआरएफ १८

जुन्या हँडीकॅमच्या मिनीडीव्ही टेपवरचं घरचं चित्रण सगळ्यांना बघता येईल असं करायचं होतं; ते कॉम्प्युटरवर आणणं हा यातला सोपा भाग. कॅमेरा चालत असला आणि जुन्या मशीनला फायरवायरचा (कॅमेऱ्याची केबल जोडायचा) पोर्ट असला, की टेपवरचा डिजिटल डेटा जसाच्या तसा हार्डडिस्कवर उतरतो. खरी मेख पुढे आहे. तासाभराच्या टेपची फाईल साधारण १३ जीबीची होते. आमच्याकडे वाड्यातला गणपती, ताईचं लग्न, आजीचं सहस्रचंद्रदर्शन असं सगळं बाबांनी शूट केलेलं. ते नागपूरच्या काकांपासून न्यू जर्सीच्या मावशीपर्यंत सगळ्यांना बघायचं होतं, तेही त्यांच्या टीव्हीवर, काही इन्स्टॉल करायला न लावता.

एक टेप आधी दुकानातून करून आणली होती. एमपी४ मिळाली, पण लेझीम खेळणाऱ्यांचे हात वर गेले की कंगव्याचे दात निघाल्यासारख्या आडव्या रेघा. बाबा म्हणाले, "टेपवर असं नव्हतं रे." खरंच नव्हतं. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम असतात, पण प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची (फील्डची) बनते: एकात सम ओळी, दुसऱ्यात विषम. म्हणजे हालचालीचे क्षण सेकंदाला ५० टिपलेले असतात. जुना डबा टीव्ही ते एकामागून एक दाखवायचा. कॉम्प्युटरवर दोन्ही एकदम दिसतात आणि हात फाटतो. चित्र असं दोन अर्ध्यांत साठवण्याला इंटरलेसिंग म्हणतात, आणि माझ्या मते जुन्या टेप्सच्या बाबतीत कोडेकपेक्षा (व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतीपेक्षा) याच्यावर जास्त डोकं लावायला हवं.

सॉफ्टवेअरची निवड लवकर झाली. 'क्वालिटी अजिबात न गमावता' अशी छातीठोक जाहिरात करणारे विकतचे कन्व्हर्टर ढिगाने आहेत. फाईल इतकी बारीक करायची तर काहीतरी गमवावं लागतंच. ते डोळ्याला दिसतं का, एवढाच प्रश्न. मी हँडब्रेक घेतलं. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि आत एच.२६४ या कोडेकसाठी एक्स२६४ हा मुरलेला एन्कोडर (व्हिडिओ दाबून लहान करणारा प्रोग्रॅम) आहे. एफएफएमपेग या दुसऱ्या सॉफ्टवेअरनेही हेच सगळं होतं, पण कमांड टाईप करायची हौस हवी.

सेटिंग ठरवायला अख्खी टेप घेतली नाही. विसर्जनाच्या रात्रीचा एक मिनिटाचा तुकडा निवडला. एन्कोडरला घाम फोडणारं सगळं त्यात आहे: अंधार, ट्रॅक्टरवरच्या ट्यूबलाइट, डुलणारी गर्दी, आणि हवेत उडणारा गुलाल. इथे जे टिकेल ते लग्नाच्या हॉलमध्ये टिकणारच. हँडब्रेकमध्ये सुरुवातीचा आणि शेवटचा सेकंद देता येतो, त्यामुळे तेवढाच भाग पुन्हा पुन्हा काढता येतो.

बिटरेट (सेकंदाला किती डेटा खर्चायचा तो आकडा) ठरवून देण्यापेक्षा सीआरएफ पद्धत वापरली. हँडब्रेकमध्ये हा आकडा आरएफ नावाने दिसतो. आपण दर्जा सांगायचा, जागा किती लागेल ते एन्कोडर बघतो. खुर्चीत बसून बोलणाऱ्या आजीला थोडे बिट, गुलालाला भरपूर. आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं, आणि ढोबळमानाने ६ ने वाढवला की फाईल निम्मी होते. अशा जुन्या चित्रणासाठी हँडब्रेकवाले १८ ते २२ सुचवतात. २४ वर गुलालाच्या ढगाचे चौकोनी ठिगळ झाले. २० वर चालत्या चित्रात काही खटकलं नाही, पण फ्रेम थांबवली की मागच्या अंधारात डाग दिसत होते. १८ वर थांबलो. त्याखाली फाईल फुगते, डोळ्याला फरक कळत नाही. गुलालाच्या कडा तरीही थोड्या पसरट दिसतात, पण तो दोष एन्कोडरचा नव्हे. पाल डीव्हीमध्ये रंगाची माहिती मुळातच उजेडाच्या एक चतुर्थांश साठवलेली असते.

अर्ध्या चित्रांच्या पूर्ण फ्रेम करण्याला डीइंटरलेस म्हणतात. त्यात 'बॉब' प्रकार (प्रत्येक अर्ध्या चित्राची वेगळी फ्रेम) निवडला आणि फ्रेमरेट ५० ठेवला. त्यामुळे टिपलेले सगळे क्षण वापरले जातात आणि लेझीम पुन्हा टेपवरच्यासारखी सळसळते. २५ वर ठेवलं तर अर्धी हालचाल फेकली जाते. एक गोष्ट इथे तपासावीच: डीव्हीमध्ये खालची फील्ड आधी येते. सॉफ्टवेअरने क्रम उलटा धरला तर माणसं पुढे-मागे झटके देत चालतात.

नॉइज कमी करणारा फिल्टर मात्र बंदच ठेवला. अंधारातली खरखर तो छान पुसतो, पण खरखर कुठली आणि गुलाल कुठला हे त्याला कळत नाही. शिवाय चेहरे मेणाचे होतात. चित्र मोठं करून १०८० ला नेण्याचाही मोह टाळला. नसलेला तपशील ताणून येत नाही. चित्राचं प्रमाण ४:३ राहील एवढं पाहिलं, कारण डीव्हीचे पिक्सेल चौरस नसतात आणि ७२०×५७६ तसंच दाखवलं तर सगळे थोडे सडपातळ होतात. (ताईची याला हरकत नव्हती.)

एन्कोडरने किती सावकाश काम करायचं ते ठरवणारा प्रीसेट 'स्लो' ठेवला. 'व्हेरी स्लो'ने वेळ खूप खाल्ला, हाती फारसं लागलं नाही. ग्राफिक्स कार्डवरचं एन्कोडिंग झपाट्याने होतं, पण तेवढ्याच आकारात गुलाल एक्स२६४ नेच चांगला दिला. २०१३ चं एच.२६५ किंवा त्यानंतरचं एव्ही१ वापरून जागा आणखी वाचली असती, पण मावशीकडचा जुना टीव्ही एच.२६४ शिवाय काही ओळखत नाही. विषय संपला. आवाजाला एएसी हा कोडेक, १९२ केबीपीएस बिटरेट, ढोलाला पुरतं.

मूळ डीव्ही फाइल्स दोन वेगळ्या डिस्कवर आहेत, त्या कधीच पुसणार नाही. वाटपासाठी ड्राइव्हची लिंक दिली. ज्यांना व्हॉट्सॲपवरच हवं होतं त्यांना छोटे तुकडे 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवले, नाहीतर ते व्हिडिओ पुन्हा दाबून चेपतं. काकांनी तुकडा डाऊनलोड केला आणि कौतुकाने फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ म्हणूनच फॉरवर्ड केला.