तामण लावताय? आधी पाण्याचं बघा

महाराष्ट्राचं राज्यफूल असलेलं तामण मूळचं कोकणातल्या ओढ्याकाठचं झाड. पुण्यात ते जगतं, पण एप्रिलच्या कोरड्या उन्हात, नेमकं कळ्या धरताना, त्याला पाणी मिळत नाही. 'झाड मोठं झालं पण फुलत नाही' या तक्रारीमागे बरेचदा हेच असतं.

रोप घेताना पान तळहाताएवढं लांब आहे ना, ते बघा. चिनी मेंदी त्याच कुळातली, तिचं पान जेमतेम दोन बोटांचं आणि ती झुडूपच राहते. पिशवीच्या तळाशी मुळांचा गुंडाळा झाला असेल तर तेवढा कापून टाका, नाहीतर मुळं पुढेही गोलच फिरत राहतात.

जागा दिवसभर उन्हाची हवी. इमारतीच्या सावलीत पानं भरपूर येतील, फुलं नाहीत. भिंतीपासून किमान १२ फूट सोडा आणि वर विजेची तार नको, कारण झाड सहज ३०-४० फूट जातं. जूनमध्ये पहिल्या दमदार पावसानंतर ३ फूट लांब, रुंद, खोल खड्डा घ्या. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, अर्धा किलो निंबोळी पेंड. टेकडीच्या बाजूला मुरूम लागतो, तिथे पाणी टिकत नाही. खड्ड्यात काळी माती वाढवा. नदीकाठच्या काळ्या जमिनीत मात्र वेगळं काही करावं लागत नाही, थोडं पाणी साचलेलंही तामणाला चालतं.

हिवाळ्यात पानं तांबूस होऊन गळतात. झाड मेलं नाही, पाणी फक्त कमी करा. फेब्रुवारीअखेर पालवी फुटू लागली की लहान झाडाला आठवड्यातून दोनदा २०-२५ लिटर द्या. पाणी बुंध्याशी नको, फांद्यांच्या घेराखाली आळं करून तिथे, वर चार बोटं पालापाचोळा.

छाटणीची वेळ चुकली की वर्ष गेलं. फुलं नव्या फुटीच्या शेंड्यालाच येतात, म्हणून छाटणी जानेवारीत, पालवीआधी उरकायची. मार्चमध्ये 'जरा आकार देऊ' म्हणून शेंडे उडवले की कळ्याच गेल्या. मोठ्या फांद्या सपाट छाटून झाडाचं टक्कल करणं तर कधीच नको. त्या जागी काड्यांसारखे कमजोर फुटवे येतात आणि वाऱ्यात मोडतात. युरियाही नको, त्याने नुसता पाला वाढतो.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडतंय. बोअरच्या चुनखडी पाण्यावर वाढवलेल्या झाडांत हे बरंच दिसतं. हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकून उपयोग नाही, चुना त्यातलं लोह अडकवून ठेवतो. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि चिमूटभर लिंबूसत्त्व घेऊन संध्याकाळी पानांवर फवारा. मावा (रस शोषणारी बारीक कीड) आला तर पानं चिकट होऊन काळी पडतात. आधी पाण्याचा जोरदार फवारा, मग निंबोळी अर्क.

बियांपासून वाढवलेलं झाड फुलायला साधारण चार-पाच वर्षं घेतं, तोवर खत वाढवून घाई करू नका. बी हवं असेल तर बोंडं तपकिरी होऊन तडकण्याआधी काढा. बी पंखाचं असतं, बोंड उघडलं की उडून जातं.