‘अजून दहा डोळे बघ’

पीयूसी (म्हणजे बारावी) सायन्स झाल्यावर घरात दोनच नावं निघायची, नर्सिंग नाहीतर डी.एड. ऑप्थाल्मिक टेक्नॉलॉजीचा, म्हणजे डोळे तपासायच्या कामाचा डिप्लोमा मला बेळगावजवळच्या खानापूरच्या एका नेत्रशिबिरात कळला. डॉक्टरांच्या आधी पेशंट तपासणाऱ्या ताईंनाच विचारलं, तुम्ही काय शिकलाय? ऑर्थोप्टिक्सची वेगळी डिग्री आपल्याकडं जवळपास नाहीच. त्यातलं तिरळेपणा, आळशी डोळा (मेंदू नीट वापरत नाही म्हणून कमी दिसणारा), दोन्ही डोळ्यांचा मेळ हे सगळं ऑप्टोमेट्रीत, म्हणजे नजर तपासायच्या डिग्रीत, नाहीतर अशा डिप्लोमातच शिकवतात. ऑप्टोमेट्रीच्या त्या डिग्रीला, बी.ऑप्टम.ला, इंटर्नशिप धरून चार वर्षं जातात. मला लवकर कमवायचं होतं.

पेपर इंग्रजीत, आणि मी मराठी शाळेतली. पण ॲनाटॉमीचे शब्द इंग्रजी मीडियमवाल्यांनाही नवेच होते, त्यामुळं ती धास्ती लवकर गेली. घाम काढला तो रेटिनोस्कोपीनं, म्हणजे उजेड टाकून चष्म्याचा नंबर काढण्यानं. अंधाऱ्या खोलीत डोळ्याच्या बाहुलीवर उजेडाची पट्टी फिरवायची आणि आतली लालसर झाक कुठं सरकते ते बघायचं. पट्टीबरोबर सरकली तर प्लस भिंग, उलटी गेली तर मायनस. सरकणं थांबून बाहुली एकदम उजळली की झालं. आपण 66 सेंटिमीटरवर बसलेलो असतो, म्हणून शेवटी दीड डायऑप्टर (भिंगाच्या नंबराचं माप) वजा करायचे. वहीत हे चार ओळींत संपतं. खोलीत मला कितीतरी आठवडे नुसता लाल उजेड दिसायचा. सरांचं उत्तर ठरलेलं, “अजून दहा डोळे बघ.” मैत्रिणींचे झाले, वॉर्डबॉयचे झाले, कॅन्टीनवाल्या मामांनाही सोडलं नाही.

ओपीडीत निपाणीकडची माणसं मराठीत बोलायची, बैलहोंगलकडची कन्नडमध्ये. “इल्ली नोडरी”, म्हणजे ‘इथं बघा’, एवढ्यावर बरंच निभायचं. अक्षरओळख नसेल त्याला ई-चार्ट. ईचे दांडे कुठल्या बाजूला आहेत ते बोटांनी दाखवायचं.

मी रमले ती तिरळेपणाच्या तपासणीत. एक डोळा झाकायचा आणि लक्ष उघड्या डोळ्यावर ठेवायचं. तो नाकाकडून बाहेर सरकून नजर धरत असेल तर आत वळलेला होता, बाहेरून आत आला तर बाहेर वळलेला. मग सरकणं थांबेपर्यंत प्रिझम बारनं, म्हणजे चढत्या नंबरांच्या प्रिझमच्या पट्टीनं, तिरळेपणा मोजायचा.

डोळा झाकायच्या पट्टीचं प्रकरण मात्र यंत्रांपेक्षा अवघड. आळशी डोळ्याला कामाला लावायचं तर चांगला डोळा झाकावा लागतो. एका पोराची आजी तडकलीच, “चांगला झाकताय आणि बिघडलेला उघडा ठेवताय, हे कसलं औषध ओ?” मी पोराचा चांगला डोळा झाकला आणि चार्ट दाखवायला सांगितलं. आत्ता भराभर बोटं फिरवणारं पोर पहिल्याच ओळीला अडखळलं. आजींनी पट्टी कुठं मिळते ते विचारलं. मध्यम प्रमाणातल्या आळशी डोळ्याला रोज दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच लागू पडते, असं 2003 च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलंय. हे सांगितलं की आया जरा सैलावतात. किती तास ते डॉक्टरच ठरवतात. सात-आठ वर्षांच्या आत पोर आलं तर गुण चांगला येतो.

ॲडमिशनचं विचारणाऱ्या मुलींना मी सांगते, कॉलेजला पॅरामेडिकल बोर्डाची मान्यता आहे का बघा आणि ओपीडीत लहान मुलं येतात का तेही विचारा. मोतीबिंदू कुठंही बघायला मिळतो. सुरुवातीचा पगार बेताचाच आहे आणि शिबिरं हटकून रविवारी असतात, हेही आधीच सांगून टाकते.