जेवणानंतरचा अर्धा कप

आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. दिवाळीच्या आधी भाजीच्या दोन पिशव्या घेऊन चढताना पहिल्याच मजल्यावर कठडा धरून थांबायला लागलं. चाळिशी उलटली, वजन वाढलंय, म्हणून सोडून दिलं. मग बर्फ खावासा वाटायला लागला. दुपारी सगळे झोपले की फ्रीजरमधला ट्रे काढून कडाकडा चावायचे. कुणाला सांगायची लाज.

डॉक्टरांना मात्र सांगितलं, तसं त्यांनी खालची पापणी ओढून पाहिली आणि तपासण्या लिहून दिल्या. हिमोग्लोबिन ८.९. बाईचं १२ च्या वर हवं. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, फक्त ६. शिवाय एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज, ५.९, जरा वरच. आईला साखर, मामाला साखर. रिपोर्ट घेऊन मी लॅबच्या पायरीवरच बसले.

डॉक्टरांनी आधी पाळीचं विचारलं. अंगावरून बरंच जायचं, सोनोग्राफीत विशेष काही निघालं नाही. मग खाण्याचं. मी ऐटीत सांगितलं, पालेभाजी असते, मटकी असते, रोज बीटाचा रस घेते.

"बीट लाल असतं म्हणून रक्त वाढत नाही हो. चहा किती?"

सकाळी दोन, न्याहारीबरोबर एक आणि दुपारी ताटं उचलायच्या आत गॅसवर चढलेला अर्धा कप. चहातली टॅनिनं भाजी-डाळीतल्या लोहाला धरून ठेवतात, मग ते आतड्यातून रक्तात फारसं शिरत नाही. म्हणजे तासभर मेथी निवडायची आणि वर चहा ओतून ती वाया घालवायची, हे मी वर्षानुवर्षं करत होते.

घरी आल्यावर माळ्यावरून सासूबाईंची लोखंडी कढई उतरवली. त्यात पोहे काळपट होतात म्हणून मुलं नाकं मुरडायची, तेव्हापासून सगळं नॉनस्टिक. चिंच-मिठानं गंज घासला, तेलाचा हात फिरवून तापवली. आंबट पदार्थात लोखंड जास्त उतरतं, पण शिजल्याबरोबर दुसऱ्या भांड्यात काढायचं. एकदा विसरले. अळूचं फदफदं रात्रभर कढईत राहिलं आणि सकाळी शाईसारखं झालं. "दौत भरून ठेवू का?" नवऱ्यानं विचारलं.

पोह्यांवर, उसळीवर लिंबू पिळायला लागले, कारण क जीवनसत्त्वानं तेच लोह जास्त शोषलं जातं. आई बाळंतिणीला अळिवाचे लाडू करायची, ते या वेळी स्वतःसाठी केले.

तरी कढईला फुकटचं श्रेय देत नाही. इतकं खाली गेल्यावर नुसत्या खाण्यानं भरून निघत नाही, असं डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले होते. खरं काम गोळ्यांनी केलं. पोट फुगायचं, मळमळायचं. शौचाला काळी होईल हे आधीच सांगितलं होतं, म्हणून घाबरले नाही. रोजची झेपेना, तेव्हा त्यांनीच एक दिवसाआड करून दिली. गोळीच्या आगेमागे दोन तास चहा बंद. कढई घासणं सोपं होतं. दुपारी जेवल्यावर ओट्याशी नुसतं उभं राहणं कठीण गेलं. हात आपोआप साखरेच्या डब्याकडे जायचा. आता तो कप चार वाजता घेते.

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.८, फेरिटिन २४. एचबीएवनसी ५.५! तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि ही तपासणी त्यांच्यावर चढलेली साखर मोजते. लोह कमी असलं की तो आकडा खोटाच वर दिसू शकतो. उपाशीपोटीची साखर तेव्हाही ९२ होती, पण मी ते ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

साठा भरेपर्यंत गोळ्या अजून तीन महिने आहेत. परवा धाकट्यानं सरबतासाठी बर्फ मागितला. ट्रे काढला तर काठोकाठ भरलेला होता.